पाच शेक आणि माशाचं डोकं

माझ्या सासूबाई जिवंत आहेत हे गावाला पटवून द्यायला मला जेवढे दिवस लागले, तेवढे दिवस त्यांच्या उपचारालाही लागले नाहीत. उपचार पाच शेकांत आटोपला. गाव मात्र अजून पूर्ण बरं झालेलं नाही.

मी मेघा. करडीची सून आणि करडीचीच आशा सेविका. गावातल्या बायांची बाळंतपणं, लसी, रक्तदाब, गोळ्या हे सगळं माझ्या वहीत असतं, आणि माझं कुणी ऐकत नाही. परगावाहून आलेली नर्स काही बोलली तर बाया पदर सावरून ऐकतात. तेच मी बोलले तर म्हणतात, "हे त टिकारामची सून हाये." टिकाराम म्हणजे माझे सासरे. दिवसातून चार वाक्यं बोलतात, त्यांतली दोन बैलांशी.

सासूबाईंचं नाव रुखमिणी, वय एकोणसाठ. गावात धान रोवणाऱ्या चौदा बायांची एक टोळी आहे, तिच्या त्या बावीस वर्षांपासून म्होरक्या. चिखल झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोपांची पहिली मूठ त्यांनी लावायची, पहिली पात, म्हणजे रोवायचा पट्टा, त्यांनी धरायची, आणि मग डाव्या-उजव्या हाताच्या बायांनी आपापली पात धरून मागे सरकत जायचं, ही आमच्याकडची रीत. कुणाची बांधी आधी आणि कुणाची मागून, हेही त्याच ठरवतात. एका वर्षी सरपंचांची बांधी नवव्या नंबरला गेली होती. सरपंच नंबर येईपर्यंत थांबले.

पाळी जाऊन नऊ वर्षं झाल्यावर सासूबाईंना पुन्हा रक्त जायला लागलं. चार महिने त्यांनी ते लपवलं. मी घरोघरी जाऊन बायांना विचारत होते, काही त्रास आहे का, लाजू नका, सांगा. आणि माझ्याच घरात न्हाणीमागे जुन्या लुगड्याचे तुकडे धुऊन वाळत होते. याची मला अजून लाज वाटते. कळलं त्या दिवशी मी त्यांच्याशी कडकडून भांडले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना भंडाऱ्याला नेलं. तिथून नागपूर. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. एप्रिलमध्ये ऑपरेशन होऊन पिशवी काढली, आणि रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी सांगितलं की आता रेडिएशन घ्यावं लागेल. त्याला आमच्याकडे शेक म्हणतात, जणू कुणी वीट तापवून कमरेला लावणार आहे.

"किती दिवस?" माझ्या नवऱ्याने, विनोदने, फोनवर विचारलं.

"पंचवीस असते म्हणून राहिले," मी म्हणाले. अजून पक्कं काहीच ठरलं नव्हतं. पण विनोदने पंचवीसचा आकडा चहाच्या टपरीवर सांगितला, आणि संध्याकाळपर्यंत तो अड्याळपर्यंत पोचला. अड्याळला सासूबाईंचं माहेर. त्यांचे थोरले भाऊ श्यामराव यांनी लगेच बेत आखला. त्यांच्या नातीचं लग्न ठरलेलं होतं, बस्ता नागपूरला काढायचा होता. पंचवीस दिवस म्हणजे पाच आठवडे. तिसऱ्या आठवड्यात जीप करून दहा जणांनी जायचं, सकाळी आजारी बहिणीला भेटायचं, दुपारी शालू पाहायचे. एका जिपेत दोन्ही कामं होणार होती. मला यात वाईट काही दिसलं नाही. आमच्याकडे माया असते, पण ती रिकाम्या गाडीने जात नाही.

जूनच्या मध्यावर आम्ही डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्या तरुण होत्या, आणि त्यांनी सासूबाईंकडे पाहून बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे नाही. तिथेच त्या मला आवडल्या.

"पूर्वी तुमच्यासारख्या बायांना आम्ही पंचवीस शेक द्यायचो," त्या म्हणाल्या. "आता काहींना पाचच देतो, एक दिवसाआड. दर वेळचा शेक थोडा मोठा असतो. याचा अभ्यास काही वर्षांपासून चालू आहे. आतापर्यंत तरी त्रास जवळपास सारखाच दिसतो. पंधरा वर्षांनी काय होईल ते खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तपासणीला बोलावत राहू. पंचवीसचा रस्ताही मोकळा आहे. ठरवायचं तुम्ही."

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी पऱ्हे टाकून आली. पंचवीस दिवसांत उपटा लागते. त्याच्या आंधी होते का तुमचं?"

पऱ्हे म्हणजे काय ते डॉक्टरीणबाईंना माहीत नव्हतं. मी सांगितलं, धानाची रोपं. वेळेवर उपटून बांधीत रोवली नाहीत तर बुडं कडक होतात, मग फुटवे धरत नाहीत.

"पाच घेतले तर होईल," त्या हसल्या.

"मंग पाचच द्या."

"आई, थांबा जराशा," मी म्हणाले. "पंधरा वर्षांनंतरचं त्या काय म्हणून राहिल्या ते आयकलं का?"

"पंधरा वर्षांनं मी चवऱ्याहत्तरची होईन व पोरी. तवाचं तवा पाहू. यंदाचा रोवणा यंदाच हाये."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू का? पंचवीस शेक ठरलेल्या कितीतरी बाया दहा-बारा झाल्यावर घरी जातात. कुणाकडे लग्न असतं, कुणाची म्हैस विणार असते. त्या परत येतच नाहीत. मला त्यांची जास्त भीती वाटते."

तर पाच ठरले. दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत आम्ही दहा दिवस राहिलो. शेकाच्या आधी भरपूर पाणी प्यायचं आणि मशीनखाली लघवी रोखून पडायचं, असा नियम होता. बाकीच्या बाया त्याने हैराण होत. सासूबाईंना तिथल्या पोराने समजावून सांगितलं, "मावशी, दहा मिनिटं धरावं लागेल." त्या म्हणाल्या, "बांधीत सकाळपासून सांजेलोक धरतो बापा आम्ही, आडोसा कुठं असते? तुह्ये दहा मिनिटं कोणीकडे लागले!" पोरगा लाजला. मी मात्र हसू शकले नाही, कारण खरंच होतं ते.

पाचवा शेक झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, थकवा येईल, पोट काही दिवस नाजूक राहील. भात, मऊ वरण, भरपूर पाणी. तळलेलं, तिखट पंधरा दिवस नाही. जड उचलायचं नाही. पण खाटेवर पडून राहायचं नाही, हिंडायचं. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

करडीच्या स्टॉपवर एसटीतून उतरलो तेव्हा पानठेल्यावर भैय्याजी उभे होते. भैय्याजी तीस वर्षं हिवताप खात्यात फवारणीवर होते. घरोघरी औषध फवारलं म्हणून गाव त्यांना अर्धा डॉक्टर मानतं. स्वतःला ते पूर्ण मानतात.

"सुट्टी घेऊन आल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाई, झालं पुरं," सासूबाई म्हणाल्या.

"पंचवीस होते ना?"

"पाचच देले."

भैय्याजींच्या तोंडात पान होतं. ते चावायचे थांबले. त्यांनी सासूबाईंकडे इतक्या दयेने पाहिलं की सासूबाईंनी आपलं लुगडं कुठे फाटलं की काय ते चाचपून बघितलं.

"बरं बरं," भैय्याजी हळू आवाजात म्हणाले. "घरीच बरं असते. देवाचं नाव घ्या."

दिवे लागायच्या आत गावभर झालं: रुखमिणीले डॉक्टरनं जवाब देल्ला.

गावाचं गणित सरळ होतं. ज्या बांधीला युरियाच्या पाच चुंगड्या लागतात तिच्यात कुणी एकच टाकली, तर काय समजायचं? मालकाने त्या बांधीची आस सोडली. पंचवीसचे पाच झाले म्हणजे डॉक्टरांनीही तेच केलं. मी घरोघरी फिरले. सांगितलं, अहो, तलावाचं पाणी पंचवीस पाळ्यांत बारीक सोडा की पाच पाळ्यांत मोठी धार सोडा, बांधी ओली होतेच ना! सगळ्यांनी माना हलवल्या. शेजारची धुरपता मला दाराबाहेर सोडायला आली आणि पाठीवर हात फिरवून म्हणाली, "तुले नसन सांगतलं माय. घरच्यायले सांगत नाही ते लोकं."

म्हणजे मी आशा म्हणून खोटी आणि सून म्हणून बिचारी. दोन्हीकडून गेले.

आणि मग भेटणारे सुरू झाले.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायचे दोन प्रकार. बरा होणार असेल त्याला ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. जाणार असेल त्याला त्याच्या आवडीचं शिजवून न्यायचं, मनात काही राहू नये म्हणून. सासूबाईंना बिस्किटांचा एकही पुडा आला नाही, यावरून मी काय ते समजले. वडे आले, तेलात निथळत्या पुऱ्या आल्या, गुळाचे गुलगुले आले. धुरपताने झिंग्याची चटणी आणली, लालभडक. "खा व बाई," ती डोळे पुसत म्हणाली. झिंगे तिखट होते म्हणून पुसत होती की दुसरं काही, ते सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी सासूबाई अंगण झाडत होत्या. भेटायला आलेली माणसं फाटकाशी घुटमळली. हातात खराटा घेतलेल्या बाईची कीव कशी करायची? चेहरे तयार करून आलेले, ते ठेवायचे कुठे? विनोद ओशाळला. "आई, दोन मिनिटं पड ना सपरीतल्या खाटेवर," तो म्हणाला. "लोकं दुरून दुरून येऊन राहिले. त्यायले बरं नाही वाटत."

"त्यायले बरं वाटाव म्हणून मी आजारी पडू का?"

"दोनच मिनिटं म्हणतो मी."

त्या पडल्या. दोन मिनिटं संपली तेव्हा दुसरे आले. ते गेले तर तिसरे. समोरच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, खाट आणि खाटेवर सासूबाई. पायाशी बायांचा घोळका, त्यांना चहा करता करता मी. डॉक्टरीणबाईंनी वीस दिवस वाचवून दिले होते, ते माझ्या डोळ्यांदेखत गाव खाऊन टाकत होतं. मशीनला दहा मिनिटं पुरायची. या लोकांना दिवस पुरत नव्हता.

कुणाचं मन मोडायचं नाही म्हणून सासूबाई दोन-दोन घास खात गेल्या. चौथ्या दिवशी पोट बिघडलं. व्हायचंच होतं. त्या डबा घेऊन मागे गेल्या की पानठेल्यावर भैय्याजी बोटं मोजत. "सकाऊनपासून सहा डाव," त्यांनी जाहीर केलं. "आतडे गेले समजा." गावाची खात्री झाली. गावानेच आजारी पाडलं आणि गावानेच निदान केलं. मी रागाने धुरपताची चटणी उकिरड्यावर फेकली, तर कोंबड्यांनीही तोंड लावलं नाही.

हे सगळं सासूबाईंनी सहन केलं असतं. त्यांना खरं लागलं ते शनिवारी.

शनिवारी टोळीतल्या बाया आल्या. तेरा जणी, एकदमच. पुढे चंद्रभागाबाई. चंद्रभागाबाई बावीस वर्षं सासूबाईंच्या उजव्या हाताची पात धरत आल्या. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि सासूबाईंचा हात हातात घेतला.

"रुखमाबाई, तू फिकर करू नोको. रोवणा सोमवारी लावून राहिलो."

"सोमवारी?" सासूबाई उठून बसल्या. "कोणं ठरवलं?"

"आम्हीच ठरवलं. तुले कायले तरास द्याव? पहिली मूठ यंदा मी लावून देईन. बायायनं म्हणलं म्हणून. नाहीतर मले काही हौस नाही." चंद्रभागाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "तू फक्त येवढं सांगून ठेव, कोणाच्या बांधीनंतर कोणाची घ्याव. तुलेच मालूम असते सगळं. सांगून ठेवलं म्हणजे मंग चिंता नाही."

मृत्युपत्र लिहून घ्यायला वकील येतात तशा त्या तेरा जणी बसल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीच्याही मनात पाप नव्हतं. तेच जास्त भयंकर होतं. सासूबाईंनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या बसतील. पण त्या परत आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं. बाया एकमेकींकडे पाहून उठल्या. जाताना कुणीतरी म्हणालं, "बोलनं बी बंद झालं व माय."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी त्या घाबरल्या नव्हत्या, शेकाच्या मशीनखाली घाबरल्या नव्हत्या. आता त्यांचा चेहरा पाहून मी घाबरले. मी खाटेशी जाऊन बसले आणि मला रडू फुटलं. म्हणाले, "आई, मीच चुकली. पंचवीसवालाच घ्या लागत होता. लोकायनं मानलं असतं."

त्या झटक्यात वळल्या. "येडी झाली का तू? डॉक्टरीणबाईनं वीस दिवस वापस देले मले. माह्ये हायेत ते. ते मी या खाटेवर पडून लोकायले वाटून देऊ का?" मग आवाज खाली आला. "मेघा, मी मराले नाही भेत व. पण जित्या माणसाची पात दुसरीनं धरली ना, त मंग तो माणूस जित्ता राहून काय करन?"

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई स्वतःच बोलल्या. मी विचारलं, बांधीत जाऊ देऊ का? त्यांनी पोटाची चौकशी केली, टाके-दुखणं विचारलं, मग म्हणाल्या, "दिवसभर वाकून काम नाही. घडीभर जाऊ द्या, थोडं लावू द्या, मग बाहेर बसवा. ओझं उचलायचं नाही. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. आणि मेघाताई, तेलकट कोण खायला घालतंय त्यांना?"

"गाव," मी म्हणाले.

रविवारी मी सपरीत खुर्ची टाकून बसले आणि आलेली प्रत्येक पुरी दारातूनच परत केली. दोन घरं माझ्याशी अजून बोलत नाहीत. सासूबाईंनी भात आणि पातळ वरण खाल्लं आणि पोट ठिकाणावर आलं.

सोमवारी फटफटताना मला जाग आली तर खाट रिकामी. सासूबाईंनी वाकळ घडी करून ठेवली होती, खाट उचलून भिंतीशी उभी केली होती आणि लुगड्याचा काष्टा घट्ट मारून त्या अंगणात सडा टाकत होत्या. दहा दिवस त्या खाटेने त्यांना धरून ठेवलं होतं. त्यांना ती डोळ्यांसमोर आडवी नको होती. मी पाण्याची बादली त्यांच्या हातातून काढून घेतली आणि राहिलेला सडा मी टाकला.

सासरे चिखल करायला आधीच गेले होते, विनोदही. आम्ही दोघी दार ओढून निघालो. तलावाच्या पाळीखालच्या बांधीत तेरा बाया गुडघाभर चिखलात उभ्या होत्या आणि चंद्रभागाबाईंनी पऱ्ह्याची मूठ हातात घेतली होती. सासूबाई धुऱ्यावर, बांधीच्या कडेच्या बांधावर, उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. चिखलात उतरल्या, सरळ चालत चंद्रभागाबाईंपाशी गेल्या आणि हात पुढे केला.

चंद्रभागाबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. भूत दिवसा येत नाही, एवढंच ज्ञान त्यांना त्या वेळी उपयोगी पडलं असावं. "रुखमाबाई," त्या म्हणाल्या, "तू त..."

"आण इकडं."

चंद्रभागाबाईंनी मूठ दिली. सासूबाईंनी वाकून पहिला चूड, म्हणजे दोन-चार रोपांचा जुडगा, लावला, मग दुसरा, मग तिसरा. एक ओळ पूर्ण झाली आणि त्या सरळ झाल्या. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, पण डोळे चमकत होते. दुसऱ्या ओळीनंतर मी त्यांना धुऱ्यावर बसवलं. तिथून त्यांनी टोळी चालवली. तोंडाला शेक दिलेलाच नव्हता. "गुड्डे, चूड दाट होऊन राहिला! चंद्रभागा, पात वाकडी चालली तुह्यी, मी नाही त येवढ्यात हे हाल!" चंद्रभागाबाई हसत होत्या आणि रडत होत्या, आणि पात खरोखरच वाकडी जात होती.

साडेनवाच्या सुमाराला मी चहाची किटली आणायला घरी निघाले. गल्लीच्या तोंडाशी जीप दिसली आणि त्यापाठोपाठ रडण्याचा आवाज आला.

अड्याळचे आले होते; डॉक्टरांनी आस सोडल्याची बातमी तिथवर पोचली होती. श्यामराव, त्यांच्या बायको शकुनबाई, आणि आठ जण. बस्त्याला जाता जाता वाट वाकडी करून बहिणीचं तोंड पाहायला. आणि त्यांना काय दिसलं? दार ओढलेलं. घरात चिटपाखरू नाही. अंगणात ओला सडा. सपरीत वाकळ गुंडाळलेली, आणि खाट उभी. आमच्या भागात सपरीत खाट उभी दिसली की पुढचं कुणी विचारत नाही. मयत उचललं की खाट उभी करतात.

शकुनबाई अंगणात बसून छाती पिटत होत्या. श्यामराव फाटकाला धरून उभे होते, आणि भैय्याजी त्यांना धीर देत होते. "सकाऊनच नेलं असन," भैय्याजी म्हणत होते. "मले कोणं सांगतलं नाही, पण मी पयलेच म्हणलं होतं. पाच शेकात काही होते का? आता लाकडं वल्ली असतीन, वेळ लागन. तुम्ही चला मोक्षधामात, भेटन तोंड."

मी तिथेच ओरडून सांगू शकले असते. नाही सांगितलं. पाप लागेल तर लागो. शकुनबाई काय म्हणतात ते मला ऐकायचं होतं.

कारण शकुनबाई नऊ वर्षांपासून सासूबाईंशी बोलत नव्हत्या, आणि सासूबाई त्यांच्याशी. अड्याळच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या दिवशी सासूबाई माहेरी गेल्या होत्या. त्या दिवशी शकुनबाईंनी माशाचं डोकं धाकट्या नणंदेच्या, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या बहिणीच्या ताटात वाढलं आणि सासूबाईंच्या ताटात शेपूट. डोकं मानाचं, आणि थोरल्या लेकीला शेपूट! सासूबाई ताटावरून उठल्या त्या थेट करडीला आल्या. त्यानंतर लग्नं झाली, बारशी झाली, दोन माणसं वारली, पण दोघी एकमेकींना पाहून पदर ओढून घेत. या भांडणावर आजवर कितीजण हसले असतील. मीही हसले होते.

"बाई वं माह्यी," शकुनबाई सुरात रडत होत्या, "काहून गेली वं न बोलता! मीनं मुद्दाम नोतं केलं वं! कढईत डोस्कं एकच होतं वं, हाताले येईन ते वाढलं वं! नऊ वर्सं मनात खुटखुट होती वं, पण कोनं आंधी बोलाव, कोनं आंधी बोलाव वं! आज आणलं होतं वं डोस्कं! डब्यात हाये वं! आता कोणाले देऊ वं बाई!"

खरंच डबा होता. स्टीलचा, फडक्यात बांधलेला, मांडीवर घट्ट धरलेला. मी पुढे झाले.

"मामीजी, उठा. आई रोवण्यात हाये."

रडणं सुरातच तुटलं. श्यामरावांनी फाटक सोडलं. भैय्याजी माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू त्यांची वर्षानुवर्षांची फवारणी मी धुऊन टाकली.

"रोवण्यात? कशी जाईन? जवाब देल्ला होता ना?"

"तुम्ही देल्ला होता भैय्याजी. डॉक्टरनं नोता देल्ला."

सगळे तलावाच्या पाळीवर आले. जीप मागे राहिली, बस्ता मागे राहिला. आमच्याकडे रोवण्याच्या दिवशी बांधीजवळ पाहुणा आला तर बाया त्याच्या पायाशी पऱ्ह्याची पेंडी ठेवून वाट अडवतात आणि खुशाली मागतात. चहापाणी, पान, काहीतरी दिल्याशिवाय पाहुणा सुटत नाही. सासूबाईंनी धुऱ्यावरून पाहिलं. भाऊ, वहिनी, मागे आठ जण, आणि सगळ्यांचे डोळे सुजलेले. त्यांना काय झालं ते क्षणात कळलं असावं. त्यांनी जवळची एक पेंडी घेतली, हळूहळू उठल्या आणि ती शकुनबाईंच्या पायाशी ठेवली. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या होत्या.

"खुशाली टाक," सासूबाई म्हणाल्या.

शकुनबाईंनी डबा पुढे केला. सासूबाईंनी तिथेच धुऱ्यावर बसून फडकं सोडलं, झाकण काढलं. वर तेलाची तांबडी साय होती आणि मधोमध रोहूचं अख्खं डोकं, डोळे उघडे. मी पुढे झाले. तेलकट, तिखट, पंधरा दिवस नाही. सासूबाईंनी मला हातानेच थांबवलं. तेल आणि तिखट बोटाने बाजूला सारलं, गालाजवळचा पांढरा तुकडा तोडून तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या. टोळीतल्या बाया चिखलात ताटकळल्या होत्या. भैय्याजीही पाळीवर उभे होते, जायला तयार नव्हते.

"मरायले टेकली म्हणून आणलं ना व वहिनी?" सासूबाईंनी विचारलं.

शकुनबाईंनी खाली मान घालून हो म्हटलं.

"मंग आता आयक. दरसाल मंडईले आणत जा. मी मरावं म्हणून वाट पाहू नोको."

त्यांचा आवाज फुटला. बावीस वर्षांत टोळीने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. शकुनबाईंनी तोंडात पदर कोंबला, मग तो काढून कमरेला खोचला, चपला धुऱ्यावर सोडल्या आणि चिखलात उतरल्या. चंद्रभागाबाई एक पात उजवीकडे सरकल्या आणि त्यांना जागा करून दिली.